पन्नास किलोमीटरनंतर या

दारात आलेलं गिऱ्हाईक हाकलून कसं द्यायचं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने अंबड लिंक रोडवर माझ्या दुकानात यावं आणि सावळीतात्यांच्या शेजारी दोन तास बसावं. दुकान माझं, मी मनोज. टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, अलॉय व्हील, सगळं पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. पाटीची शेवटची ओळ आहे, 'व्हील स्पेसर बसवून मिळतील'. ती वाचून कुणी आत आला, की तात्या त्याला पहिला प्रश्न विचारतात, कशाला पाहिजे?

अहो, कशाला म्हणजे काय? हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग, आणि चाक यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती घातली की चाक तेवढं बाहेर सरकतं, गाडी रुंद दिसते, गंगापूर रोडवर चार पोरं वळून बघतात. लोकांना एवढंच पाहिजे असतं. पण तात्या त्या पोराला बाकड्यावर बसवणार, चहा मागवणार, माझ्या पैशाने, आणि सांगत सुटणार. चाक जेवढं बाहेर, तेवढा बेअरिंगवर भार जास्त. पातळ चकती नुसती मध्ये सरकवली तर नटाला धरायला आटे कमी उरतात. चकतीचं मधलं भोक हबवर नेमकं बसलं नाही तर ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरणार. उद्या काही झालं तर विमेवाला हात वर करणार. एवढं ऐकल्यावर पोरगं म्हणतं, काका, मग राहू द्या. चहा पिऊन निघून जातं, आणि मी गल्ल्यावर बसून कपाळाला हात लावतो.

सावळीराम हे पूर्ण नाव. घोटीजवळच्या एका भातशेती करणाऱ्या घरातला माणूस. विसाव्या वर्षी अंबडला कारखान्यात धातू कातायच्या लेथवर चिकटला आणि अडतीस वर्षं तिथे हब बनवत राहिला. रोज तेच काम. आमच्या भागातल्या किती गाड्यांची चाकं तात्यांच्या हातच्या हबवर फिरतायत याचा हिशोब त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. निवृत्त झाले तेव्हा घरी बसून काय करणार? घरातल्या पंख्याचे, कपाटाचे, कुकरच्या दांड्याचे स्क्रू रोज सकाळी आवळायला लागले. शेवटी त्यांच्या पत्नी, सिंधुबाई, स्वतः माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, मनोजशेठ, यांना कुठंतरी कामाला लावा, नाहीतर मी माहेरी जाते. तेव्हापासून तात्या आमच्याकडे आहेत. त्यांच्यासाठी मी मागच्या शेडमध्ये एक जुना लेथसुद्धा आणून ठेवला. स्पेसर बनवायचा तर ते स्वतः, त्या गाडीच्या हबचं माप घेऊन. बाजारातला तयार स्पेसर दिसला की नाक मुरडतात.

आता खरं सांगायचं तर दहातल्या एखाद्याला ते हो म्हणतात. मग त्यांचा दुसरा हट्ट सुरू होतो. स्पेसर बसवल्यावर पन्नास किलोमीटर गाडी चालवून परत यायचं, सगळे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घ्यायचे. टॉर्क पाना म्हणजे ठरलेल्या जोरावर आवळलं की 'कट्' असा आवाज करणारा पाना. नवी चकती हबवर दाबली जाते, जरा बसते, आणि तेवढ्याने नट सैलावतात, असं त्यांचं म्हणणं. पण परत येणार कोण? बसवून घेतलं, संपलं. तेव्हा तात्यांनी शक्कल काढली. चाकाच्या मधोमध कंपनीचं चिन्ह असलेली टोपी असते ना, त्या चारही टोप्या ते काढून ठेवून घेतात. पन्नास किलोमीटर करून या आणि टोप्या घेऊन जा. पोरांना बोडक्या चाकांनी फिरायची लाज वाटते. सगळी झक मारत परत येतात. एकदा एका बिल्डरने यावरून माझ्यावर आवाज चढवला होता. तात्या शांतपणे म्हणाले, साहेब, टोप्या सुखरूप आहेत, तुम्ही सुखरूप परत या. त्यानेही मुकाट्याने येऊन नट तपासून घेतले.

नवरात्राच्या पाचव्या माळेला सरिता आली. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची, तिशीच्या आतली, जुनी जीप स्वतः चालवत. नवरा वापीला कंपनीत. सासरे देवराम हे मुकादम, म्हणजे पाड्यावरच्या बायकांना द्राक्षबागेत कामाला नेणारे. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली होती, आणि रोज पहाटे नऊ बायका घेऊन घाट उतरून मखमलाबादच्या बागेवर आठच्या आत पोचायचं, हे सरिताचं काम. आधीचा ड्रायव्हर सोडून गेला तेव्हा तिनेच सासऱ्यांना म्हटलं होतं, मी चालवते. सासरे कबूल झाले, पण अटीवर. ही एक छाटणी गाडी तुझ्या हातात. एक दिवस जरी मजूर बागेवर वेळेत पोचले नाहीत, तर गाडी किशोरकडे. किशोर त्यांचा पुतण्या. हे सगळं तिने हसत हसत सांगितलं, पण सांगताना जीपच्या बॉनेटवरचा हात काही काढला नाही.

तिची अडचण वेगळीच होती. जुन्या मालकाने जीपला हौसेने रुंद टायर आणि भलत्याच मापाच्या रिम लावलेल्या. घाटात अवघड वळणावर स्टेअरिंग पूर्ण वळवलं, की पुढचं टायर आतल्या दांड्याला घासायचं. एका बाजूने टायरची कड झिजून आतले धागे दिसायला लागले होते. तिला कुणीतरी सांगितलं होतं की स्पेसर घाल, चाक बाहेर येईल, घासणार नाही. ते सुरक्षित हाय का नाय, एवढंच तिला विचारायचं होतं. नऊ बायका असत्यात गाडीत, ती म्हणाली.

तात्या गाडीखाली झोपले. अर्धा तास खालीच. बाहेर आले ते तिला म्हणाले, की खरा इलाज मूळ मापाच्या रिम. त्या लगेच मिळणार नाहीत, शोधाव्या लागतील. तोपर्यंत टायर फाटण्यापेक्षा नीट बसवलेला स्पेसर बरा. मी गल्ल्यावरून मान वर केली. तात्या स्वतःहून हो म्हणाले, हे दुकानाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं.

दोन दिवस त्यांनी लेथ सोडला नाही. हब घासून चकचकीत केलं, मधलं भोक केसाएवढंसुद्धा सैल राहू दिलं नाही. या प्रकारच्या जाड स्पेसरला नटांचे दोन संच असतात. आतले नट चकतीला हबवर धरतात, बाहेरचे चाकाला चकतीवर. चाक लावलं की आतले नट दिसत नाहीत. हे त्यांनी सरिताला चाक लावायच्या आधी बोट लावून दाखवलं, आणि दोनदा तिच्या तोंडून वदवून घेतलं. मग घोडं अडलं टोप्यांपाशी. तिच्या पोलादी रिमांना टोप्याच नव्हत्या. ठेवून काय घेणार? तात्या म्हणाले, "पन्नास किलोमीटर झाले की ये. तुझा शब्द ठेवून घेतला."

ती म्हणाली, येते.

आणि ती आली. आता जे सांगतोय ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगितलं नाही तर तात्यांबद्दल लिहायचा मला अधिकार नाही. खंडेनवमी होती. आमच्याकडे सकाळीच हत्यारं पूजेला मांडतात. लेथ धुऊन पुसून त्याला झेंडूचा हार, समोर पाटावर पाने, जॅक, हातोड्या, आणि मधोमध टॉर्क पाना, त्याला हळदकुंकू. एकदा मांडली की दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, त्यांना विसावा. माझ्या वडिलांपासून चालत आलंय. तात्या घोटीला घरच्या पूजेला गेलेले. दुपारी बाराला सरिता दारात उभी. म्हणाली, पन्नास होऊन गेले. तात्यांनी सांगितलं व्हतं.

मी म्हटलं, ताई, आज हत्यारं पूजेत आहेत. दसरा झाला की या.

तिने पाटाकडे बघितलं. तोपर्यंत चालंल का, असं विचारलं. मी हसलो. काही होत नाही हो, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, असं म्हणून तिच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला आणि तिला परत पाठवली. पूजेतलं हत्यार उचलायला नको, गिऱ्हाईकही नाराज व्हायला नको, दोन्ही जमलं म्हणून मी खुशीत होतो. मूर्ख माणूस.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला तात्या आले. चपला काढायच्या आधी विचारलं, सरिता येऊन गेली का? मी सांगितलं, येऊन गेली, मी परत पाठवली, आज येईल. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर मीही चार शब्द सुनावले असते. पण ते चिडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उडाला. पाटावरचा टॉर्क पाना उचलला, सुकलेला झेंडू बाजूला केला, धोतराच्या सोग्याने हळद पुसली आणि म्हणाले, "शेठ, गाडी काढा. आज छाटणीचा दिवस आहे. ती घाट उतरत असेल."

सरिताला फोन लावला, लागला नाही. घाटात कुठे लागतो? आम्ही अंबडहून निघालो, शहर ओलांडून पेठ रोडला लागेपर्यंत मला घाम फुटला. मी स्वतःला समजावत होतो की दोन दिवसांत काय होतंय, हजारो लोक तपासून घेत नाहीत. ते मी मोठ्याने बोललोही. तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, की हजारो लोकांच्या गाडीत नऊ बायका नसतात. सावळ घाट चढायला लागलो. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, पुढे गर्दी दिसेल, लोक दरीत वाकून बघत असतील. मी पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, पण त्या दिवशी कठडे मला पहिल्यांदा दिसले. देवा, एवढं वाचव, असं मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

घाट संपला. वर सपाटीला चहाच्या टपरीपाशी जीप उभी होती. सरळ, चारी चाकांवर. रस्त्याच्या कडेला नऊ बायका पदर सावरून बसलेल्या, कात्र्यांच्या पिशव्या मांडीवर. माझा जीव भांड्यात पडला. तात्या गाडी थांबायच्या आधी उतरले.

तिथे भांडण ऐन रंगात आलं होतं. साडेआठ वाजून गेले होते. जीपमधूनच आलेले देवराममुकादम हातात पाना घेऊन उभे, लाल झालेले. बागमालकाचे तीन फोन येऊन गेलेले. सरिता दाराला पाठ लावून उभी, किल्ली मुठीत. सपाटीवर येताना तिला डाव्या चाकातून टकटक ऐकू आली होती, स्टेअरिंगही जरा हललं होतं, म्हणून तिने गाडी बाजूला घेतली आणि सगळ्यांना उतरवलं. देवरामांनी स्वतः पाना लावून नट बघितले. पाचही घट्ट. जीपमधला जॅक बाद, दम धरत नव्हता, त्यामुळे चाक काढून बघायची सोय नाही. नट घट्ट असताना ही बाई कशाला भितीये, हे मुकादमांना कळेना. एव्हाना बायकांमध्येही कुजबुज सुरू झाली होती. दिवसाचा रोज बुडाला तर तो त्यांचाही बुडणार होता. भिमाबाई म्हणून एक वयस्क बाई तिला समजावत होत्या, हळू हळू उतर गं, काय व्हत नाय.

"नट बघितलं मी," देवराम आम्हाला ऐकवत म्हणाले. "एकबी हालत नाय. उद्यापासून किशोर चालवंल गाडी. भ्यायलेल्याचं काम नाय ह्ये."

सरिताचे डोळे भरले होते. पण आवाज सरळ होता. "किशोरला द्या, आबा. पन आज ही गाडी घाट उतरनार नाय. आवाज आतनं येतोय."

मला तिथे रस्त्यावर असं वाटलं, की या बाईचे पाय धरावेत. गाडी हातची जाताना दिसतेय, तरी किल्ली देत नाहीये. आणि ज्याच्यामुळे ही वेळ आली तो मी, इस्त्रीचा शर्ट घालून टपरीपाशी उभा.

तात्यांनी कुणाशी वाद घातला नाही. माझ्या गाडीतला जॅक काढला, डावं चाक उचललं. बाहेरचे नट खरंच घट्ट होते, सोडवायला जोर लागला. चाक बाजूला काढलं. मागे चकती, चकतीत बसलेले पाच आतले नट. तात्यांनी पहिल्याला बोट लावलं. तो फिरला. बोटाने. दुसराही फिरला. तिसरा जागेवर होता, चौथा पुन्हा सैल. तात्या मागे सरकले आणि मुकादमांना म्हणाले, "देवरामभाऊ, बसा इथं. तुम्ही फिरवून बघा."

देवराम बसले. त्यांनी दोन बोटांत नट धरला आणि अर्धा वेढा फिरवला. मग पुढच्या उताराकडे बघितलं, मग बसलेल्या बायकांकडे. त्यात त्यांची स्वतःची बहीण होती. बराच वेळ ते उठलेच नाहीत.

तात्या कामाला लागले. नट तपासले, आटे तपासले, सगळं शाबूत होतं. समोरासमोरच्या जोड्या धरत एकेक नट आवळत गेले, प्रत्येकाला पान्याचा 'कट्' आवाज येईपर्यंत. उजवं चाकही काढलं. तिथला एक नट थोडा सैल निघाला. काम करता करता ते सरिताला सांगत होते, की ही चकती मी कायम ठेवणार नाही, घाटात रोज चालणाऱ्या गाडीला मूळ मापाची रिमच पाहिजे, ती मी शोधतो. शोधलीही. नवव्या दिवशी अंबडच्या एका भंगारवाल्याकडून पाच रिम उचलून आणल्या, आणि स्वतःच्या हाताने बनवलेले स्पेसर स्वतःच काढून टाकले. पण ते नंतर. तेव्हा सपाटीवर फक्त पान्याचा आवाज येत होता, आणि बायका उठून जवळ येऊन बघत होत्या.

देवराम उभे राहिले तेव्हा त्यांना राग काढायला कुणीतरी हवं होतं. भ्यायलेल्या माणसाला लागतंच. ते सुनेकडे वळले. "तुला सांगितलं व्हतं ना यांनी, पन्नासाला तपासून घे म्हनून? मग का नाय गेलीस? नऊ जीव व्हते गाडीत."

सरिताने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. खाली पडलेला नटाचा पाना उचलून फडक्याने पुसत राहिली. तात्यांना सगळं माहीत होतं. एक शब्द टाकला असता तर प्रश्न मिटला असता, पण त्यांनी तो टाकला नाही. तो त्यांचा शब्द नव्हताच.

मी चढ्या आवाजाचा माणूस आहे. दुकानात माझा आवाज रस्त्यापलीकडे जातो. त्या दिवशी मी हळूच बोललो. "आली होती ती," मी म्हणालो. "खंडेनवमीला, भर दुपारी. पन्नास झाल्यावर. हत्यार पूजेत आहे म्हणून मी परत पाठवली. चूक माझी आहे, मुकादम. हिची नाही आणि तात्यांचीही नाही."

देवरामांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. दोन शिव्या घालतील असं वाटलं, घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. भिमाबाईंनी सरिताच्या डोक्यावरून हात फिरवला, एवढंच. तात्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि जॅक खाली घ्यायला वाकले.

तेवढ्यात देवरामांचा फोन वाजला. बागमालकाचा, चौथा. पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता, कुठे मेलात, छाटणी काय तुमच्या सवडीने करायची का. देवरामांनी तो पूर्ण ऐकून घेतला. सरिता गाडीच्या मागे उभी राहून ऐकत होती, फडकं हातात तसंच.

"उशीर झाला, मालक," देवराम म्हणाले. "आमच्या डायवरनं गाडी थांबिवली व्हती. थांबिवली म्हनून येतोय तरी." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, तेव्हा ते जरा मोठ्याने म्हणाले, "किशोर नाय, सरिता. आमची सून. रोज तीच आनंल."

फोन खिशात ठेवून ते बायकांवर खेकसले, बघत काय बसल्यात, चढा. नऊ बायका जीपमध्ये चढल्या. देवराम सरिताच्या शेजारच्या सीटवर बसले, तिने किल्ली लावली, दोन्ही आरसे बघितले आणि गाडी पहिल्या गियरमध्ये उताराला लावली. तात्या आणि मी मागून निघालो. पहिलं अवघड वळण तिने स्टेअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश घेतलं, आणि इकडे माझ्या शेजारी बसलेले तात्या तिच्या चाकांकडे बघत रडत होते.